अफूसदृश वेदनाशामकांचे व्यसन : औषधाधारित उपचार

अफूपासून मिळणाऱ्या किंवा अफूसारखे कार्य करणाऱ्या वेदनाशामकांच्या आहारी गेलेल्या रुग्णाला त्याच जातीचे, पण संथपणे काम करणारे व दीर्घकाळ टिकणारे औषध वैद्यकीय देखरेखीखाली नेमाने देऊन, अथवा अशा पदार्थांचा परिणामच अडवणारे औषध देऊन, व्यसनाच्या फेऱ्यातून बाहेर काढण्याच्या पद्धतीस औषधाधारित उपचार म्हणतात. ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन आणि नाल्ट्रेक्सोन ही त्यातील तीन मुख्य औषधे होत. पैकी पहिल्या दोहोंवर आधारलेला उपचार भारतातील सरकारी व्यवहारात ‘ओएसटी’ (ओपिऑइड सब्स्टिट्यूशन थेरपी) या आद्याक्षरांनी ओळखला जातो. समुपदेशन, कुटुंबाचा सहभाग आणि सोबतच्या आजारांवरील इलाज ही या उपचाराचीच अंगे मानली जातात.

अफू, मॉर्फिन व कोडीन हे खसखशीच्या बोंडातील चिकापासून मिळणारे पदार्थ, हेरॉइन हे मॉर्फिनवर रासायनिक प्रक्रिया करून केलेले, तर ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल व फेंटानिल ही संपूर्णपणे कारखान्यात घडवलेली औषधे आहेत. महाराष्ट्रात अफूच्या लागवडीस परवानगी नाही. परवानगीची शेती मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या तीन राज्यांपुरती मर्यादित आहे. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यासारख्या बागायती भागात चोरट्या लागवडीवर छापे पडले की त्याच्या बातम्या होतात, परंतु वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाचा अशा शेताशी संबंध नसतो. ते औषधाच्या दुकानातून, जुन्या चिठ्ठीवर पुन्हापुन्हा घेतलेल्या पाकिटांतून वाढत जाते. दुकानांतील विक्रीवर नजर ठेवण्यासाठी केंद्र सरकारने २०१३ मध्ये ‘एच-१’ ही औषधांची स्वतंत्र अनुसूची काढली व ती १ मार्च २०१४ पासून लागू केली. तिच्यातील औषध विकताना दुकानदाराला रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफीन या गोळीवर २०१३ मध्ये निर्बंध आले, तेव्हा तिची जागा ट्रॅमाडॉलने घेतली. एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आले, तेव्हा टॅपेंटाडॉलकडे लक्ष वळले. पालघर जिल्ह्यातील एका कारखान्यात बनणारी टॅपेंटाडॉल व कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्रणाची गोळी पश्चिम आफ्रिकेत व्यसनासाठी वापरली जात असल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड झाल्यावर या मिश्रणाच्या निर्यातीवरही बंदी घालण्यात आली. एक दार बंद झाले की मागणी दुसरे दार शोधते, हे या क्रमावरून दिसते. व्यसन जडलेल्या माणसाच्या उपचाराची सोय न करता केवळ पुरवठा आवळण्याची मर्यादाही त्यातून कळते.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील २.०६ टक्के भारतीय अफूवर्गीय पदार्थांचे सेवन करतात. हेरॉइन घेणारे १.१४ टक्के, औषधी गोळ्या, सिरप वा इंजेक्शने घेणारे ०.९६ टक्के आणि अफू खाणारे ०.५२ टक्के, अशी त्यांची विभागणी असून काही जण एकाहून अधिक पदार्थ घेतात. सेवनाच्या त्रासामुळे मदतीची गरज असलेल्यांची देशातील संख्या सुमारे ७७ लाख धरण्यात आली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक ज्या मोजक्या राज्यांत आढळतात, त्यांत पंजाब व उत्तर प्रदेशाबरोबर महाराष्ट्राचेही नाव आहे.

मेंदूतील ‘म्यू’ नावाच्या ग्राहींना हे पदार्थ चिकटतात, त्यामुळे वेदना कमी होते, सुखाची लहर येते आणि श्वसन मंदावते. नियमित सेवनाने शरीर त्या मात्रेला सरावते, तेवढ्याच परिणामासाठी मात्रा वाढवावी लागते आणि पदार्थ थांबला की अंग मोडून येणे, नाकाडोळ्यांतून पाणी, जांभया, अंगावर काटा, पोटात पिळवटणे, जुलाब व निद्रानाश अशी लक्षणे उठतात. व्यसनी मंडळींच्या बोलीत या अवस्थेला ‘टर्की’ म्हणतात. ट्रॅमाडॉल अधिक मात्रेत घेणाऱ्याला आकडी येण्याचा धोकाही असतो. शरीराचे सरावणे आणि व्यसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे ठासून सांगणे आवश्यक आहे. कर्करोगाच्या रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेले मॉर्फिन अचानक थांबवले तर त्यालाही टर्की येईल, पण तो व्यसनी नव्हे. हानी दिसत असूनही पदार्थामागे धावत राहणे, कामधंदा व घर त्यापायी दुय्यम होणे, ही व्यसनाची खूण आहे. हा भेद न पाळल्याने १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर कित्येक वर्षे मरणासन्न रुग्णांनाही मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक अमली औषधे’ असा वर्ग निर्माण झाला, त्यात मॉर्फिन व मेथाडोन यांचा समावेश झाला आणि ही अडचण कायद्यापुरती तरी दूर झाली.

महाराष्ट्रात या व्यसनाची सार्वजनिक चर्चा १९८० च्या दशकात ‘गर्द’ अर्थात ब्राउन शुगर या अशुद्ध हेरॉइनमुळे सुरू झाली. लेखक अनिल अवचट यांनी गर्दच्या आहारी गेलेल्या तरुणांमध्ये फिरून केलेले लेखन, ते वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. व सुनीता देशपांडे यांनी देऊ केलेले आर्थिक साहाय्य आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांचा पुढाकार यांतून २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. पस्तीस दिवसांचा निवासी उपचार, गटचर्चा, व्यसनातून बाहेर आलेल्यांनीच नव्यांना दिलेला आधार, पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आणि घरी परतल्यानंतरचा पाठपुरावा, ही त्याची पद्धत मराठी समाजात व्यसनमुक्तीचा आदर्श ठरली. व्यसनी माणूस हा गुन्हेगार वा चारित्र्यहीन नसून आजारी आहे, हा विचार महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचवण्याचे श्रेय याच कामाला जाते. या परंपरेत मुक्ती याचा अर्थ पदार्थापासून पूर्ण दूर राहणे असा आहे. दारूच्या बाबतीत तो अर्थ सहज लागू पडतो. अफूवर्गीय पदार्थांच्या बाबतीत मात्र जगभरच्या अनुभवाने त्याला एक महत्त्वाची पुरवणी जोडली आहे.

ती पुरवणी अशी की, टर्की ओसरली म्हणजे आजार गेला असे होत नाही. काही आठवडे पदार्थाशिवाय राहिलेल्या माणसाची ओढ टिकून असते, पण शरीराचा सराव मोडलेला असतो. अशा वेळी पाय घसरला आणि त्याने पूर्वीचीच मात्रा घेतली तर श्वास थांबून मृत्यू ओढवू शकतो. तुरुंगातून किंवा निवासी केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत जोखमीचे असतात. स्वीडनमध्ये झालेल्या आणि २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेरॉइनचे व्यसन असलेल्या ४० रुग्णांना समान समुपदेशन देण्यात आले, निम्म्यांना वर्षभर ब्युप्रेनॉर्फिन मिळाले, तर उरलेल्यांना सहा दिवसांत मात्रा उतरवून पुढे औषधविरहित गोळी. वर्षअखेरीस पहिल्या गटातील ७५ टक्के रुग्ण उपचारात टिकले, दुसऱ्या गटातील एकही टिकला नाही आणि त्यांतील चौघे मरण पावले. समुपदेशन दोन्हीकडे सारखेच होते, ही यातील कळीची बाब आहे. २०१७ मध्ये ‘बीएमजे’ने छापलेल्या एकत्रित विश्लेषणात मेथाडोन घेत असताना दर हजार व्यक्ति-वर्षांमागे ११.३ मृत्यू, तर उपचार सुटल्यावर ३६.१ मृत्यू आढळले. ब्युप्रेनॉर्फिनसाठी हेच आकडे ४.३ व ९.५ होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

मेथाडोनचा हा उपयोग अमेरिकी डॉक्टर व्हिन्सेंट डोल व मारी निस्वांडर यांनी १९६५ मध्ये न्यूयॉर्कमधून प्रसिद्ध केला. ते पूर्ण कार्य करणारे औषध असल्याने परिणामकारक, पण चुकीच्या मात्रेत घातक असून हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकते. भारतात ते मुंबईच्या केईएम रुग्णालयासह मोजक्याच केंद्रांपुरते राहिले. येथील मुख्य औषध आहे ब्युप्रेनॉर्फिन. ते ग्राहींना घट्ट चिकटते, पण त्यांना अर्धवटच चालना देते. त्यामुळे टर्की व ओढ शमते, मात्र ठरावीक मर्यादेपुढे मात्रा वाढवूनही श्वसनावरील परिणाम त्या प्रमाणात वाढत नाही. पहिली मात्रा टर्कीची लक्षणे दिसू लागल्यावरच द्यावी लागते, कारण आधीचा पदार्थ शरीरात असताना दिल्यास ते त्याला ग्राहीवरून हुसकावून तीव्र टर्की आणते. नाल्ट्रेक्सोन ग्राही अडवून ठेवते, पण चालना देत नाही; ते सुरू करण्यापूर्वी सात ते दहा दिवस कोणताही अफूवर्गीय पदार्थ घेतलेला नसावा लागतो आणि रोजची गोळी रुग्णाने मनाने टाळली की उपचार तेथेच संपतो. ज्याच्या घरी गोळी हातावर ठेवणारे खंबीर माणूस आहे आणि ज्याला अफूवर्गीय औषध नकोच आहे, त्याच्यासाठी ते उपयुक्त ठरते.

भारतात ब्युप्रेनॉर्फिनचा उपचार ‘एम्स’मध्ये १९९३ पासून होत आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने २००७ नंतर आपल्या कार्यक्रमात त्याचा अंतर्भाव केला, पण उद्देश सुईवाटे पसरणारा एचआयव्ही रोखण्याचा असल्याने पात्र ठरला तो सुई टोचून नशा करणारा. मुंबईत संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टसारख्या संस्थांनी रस्त्यावरच्या अशा रुग्णांसाठी ही सेवा चालवली. गोळ्या गिळणारा, नोकरी सांभाळणारा, बाहेरून धडधाकट दिसणारा वेदनाशामकांचा रुग्ण या चौकटीबाहेर राहिला. केंद्रावरील मात्रा देण्याची रीत साधी असते. परिचारिका गोळीचा चुरा करून तो रुग्णाच्या जिभेखाली ठेवते, रुग्ण काही मिनिटे न बोलता, न गिळता बसतो, चुरा विरघळल्यावर तोंड उघडून दाखवतो, सही करतो आणि कामावर जातो.

या उपचारावरचा नेहमीचा आक्षेप, एक व्यसन सोडवून दुसरे लावले जाते, हा वेदनेतून आलेला असल्याने त्याची हेटाळणी करणे योग्य नाही. फसवणूक व कर्जे सोसलेल्या घराला आणखी एक गोळी नको असते. तथापि ठरल्या मात्रेवर स्थिर झालेल्या रुग्णाला नशा चढत नाही, मात्रा वाढवत न्यावी लागत नाही, चोरी वा उधारी करावी लागत नाही, आणि व्यसनाची जी खूण वर सांगितली ती त्याच्यात उरत नाही. खरे आक्षेप वेगळे आहेत. ब्युप्रेनॉर्फिनची इंजेक्शने भारतात स्वतःच नशेसाठी वापरली गेली आहेत. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर ते घातक ठरू शकते. बद्धकोष्ठता व घाम हे त्रास राहतात. आणि उपचार किती काळ चालवायचा याचे सर्वांना लागू पडणारे उत्तर नाही. घाईने थांबवल्यास व्यसन परतण्याचे प्रमाण मोठे असल्याने तो वर्षानुवर्षेही चालू शकतो, हे कुटुंबाला पहिल्याच भेटीत सांगणे इष्ट. टोचून होणारा दुरुपयोग टाळण्यासाठी गोळीत अनेकदा नालोक्सोन हे ग्राही अडवणारे औषध मिसळलेले असते, जे जिभेखाली निष्प्रभ राहते पण टोचल्यास टर्की आणते.

सर्वांत मोठी अडचण अंतराची आहे. ब्युप्रेनॉर्फिन-नालोक्सोनची गोळी साध्या औषध दुकानात मिळत नाही, ती नेमलेल्या व्यसनमुक्ती केंद्रांनाच पुरवली जाते. हे बंधन गैरवापर रोखते, तसेच ग्रामीण रुग्णालाही रोखते. बारामती–इंदापूर रस्त्यावरील काटेवाडीचे उदाहरण घेतले तर पुणे शहर शंभरएक किलोमीटर दूर आहे. पस्तीस दिवसांच्या निवासासाठी तेथे एकदा जाऊन राहता येते. रोजच्या मात्रेसाठी जाणे कुणालाही शक्य नाही. हंगामात बीड व अहिल्यानगरकडून येऊन भवानीनगर वा माळेगावच्या कारखान्यांसाठी ऊस तोडणारा मजूर तर सहा महिन्यांनी तालुकाच सोडतो. बारामतीत २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले असून मनोविकारशास्त्र हा अशा महाविद्यालयाचा आवश्यक विभाग असतो. सरकारी रुग्णालयांत व्यसनोपचार कक्ष उघडण्याची केंद्राची योजना जेथे अशा विभागाशी जोडली जाते, तेथे मात्रा बसच्या एका तिकिटाच्या अंतरावर येते. रोजची फेरी टाळण्याचे मार्गही आहेत: २०२० च्या टाळेबंदीत एड्स नियंत्रण संघटनेने स्थिर रुग्णांना काही दिवसांच्या गोळ्या घरी नेऊ देण्याची मुभा दिली, आणि फ्रान्सने तर १९९० च्या दशकाच्या मध्यापासून साध्या डॉक्टरांनाही ब्युप्रेनॉर्फिन लिहून देऊ दिल्यानंतर चार वर्षांत तेथील हेरॉइनच्या अतिमात्रेचे मृत्यू सुमारे चार पंचमांशांनी घटले.

कायद्याच्या बाजूने, १९८५ च्या अमली पदार्थविरोधी अधिनियमाच्या कलम ६४-अ नुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती मान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेऊ इच्छित असल्यास तिला त्या खटल्यापासून संरक्षण मिळते, मात्र उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने दारू व अमली पदार्थांमुळे होणारे विकारही मानसिक आजारांत धरले असल्याने, रुग्णाला साखळीने बांधून ठेवणे किंवा त्याच्या संमतीचा विचार न करता डांबणे हे नोंदणीकृत वा अनोंदणीकृत कोणत्याही केंद्राला कायद्याने करता येत नाही. मार्गदर्शनासाठी १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी आणि १४४१६ ही ‘टेलि-मानस’ सेवा विनाशुल्क उपलब्ध आहे.