कुंभकोणम्‌ची सुईण आणि मद्रासचा नोंदपट

तंजावरच्या मराठी राज्याचा विषय निघाला की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे सरस्वती महालातील पोथ्या, बृहदीश्वराच्या भिंतींवरील मराठी शिलालेख आणि फार तर राजे सरफोजींची मूर्ती उभी राहते. इ. स. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी स्थापिलेले हे राज्य १८५५ साली खालसा झाले. या पावणेदोनशे वर्षांत कावेरीच्या काठाने जी मराठी घराणी रुजली, त्यांतील कित्येकांचे बिऱ्हाड तंजावरास नव्हे, तर तेथून जवळच असलेल्या कुंभकोणम् येथे होते. सर टी. माधवराव १८२८ साली जन्मले ते याच गावी. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशी तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी केली. परप्रांती नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांना हा पूर्वज परका वाटू नये.

आज मात्र आम्हांस दिवाण आणि पंडित यांच्याविषयी लिहावयाचे नाही. त्यांच्या माजघरांत जिचा पाय अडल्यावेळी लागे आणि जिचे नाव कोणत्याही बखरीत आले नाही, तिच्याविषयी लिहावयाचे आहे. आपण तिला सुईण म्हणतो; तमिळ मुलखात ती मरुत्तुवच्ची. बहुधा ती नापिताच्या घरातील असे. नवरा हजामत करी, जखमा बांधी, गळवे फोडी. बायको बाळंतपणे करी. विद्या सासूकडून सुनेकडे येई. तिला कोणी परवाना दिलेला नव्हता आणि तो काढून घेण्याचा अधिकारही कोणास नव्हता. गल्लीतील बायकांचा विश्वास हीच तिची सनद. ती विटाळाची मानली जाई, परंतु वेणा सुरू झाल्या म्हणजे तिच्यावाचून कोणाचेच चालत नसे.

राजदरबाराने या बाजूकडे अगदीच पाठ फिरविली होती असे नव्हे. सरफोजीराजांनी १८०१ साली ब्रिटिश रेसिडेंटास आपल्या घराण्याच्या छत्रांविषयी एक पत्र लिहिले. या छत्रांवरील आपला अधिकार काढून घेऊ नये, अशी त्यांची तळमळ त्या पत्रात आहे. वाटसरूंस जातिभेद न पाहता अन्न मिळते. आजाऱ्यास औषध व पथ्याचे जेवण मिळते आणि तो बरा होईपर्यंत त्याची शुश्रूषा होते. गरोदर स्त्री तेथे प्रसूत झाली तर बाळंतपणाचा खर्च छत्र सोसते आणि पुढे तीन महिने तिला राहू देते, असा त्यात मजकूर आहे. राज्य हातचे गेलेला राजा इंग्रजापाशी बाळंतिणीच्या तीन महिन्यांसाठी भांडतो, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या ग्रंथसंग्रहाइतकीच मोलाची वाटते. धन्वंतरी महाल ही त्यांचीच संस्था. नेत्ररोग्यांवरील उपचारांची टिपणे तेथे ठेवली जात, हे प्रसिद्धच आहे. परंतु छत्रातील त्या बाळंतिणीजवळ रात्र जागविणारी बाई कोण, तिला काय येत असले पाहिजे आणि तिच्या हातून चूक झाल्यास जबाब कोणी द्यावयाचा, हे प्रश्न त्या काळात कोणी विचारीत नव्हते. युरोपात मात्र ते त्याआधीच उठले होते.

ते प्रश्न मद्रासेत हळूहळू उठले. १८४४ साली तेथे सरकारी प्रसूतिगृह निघाले. १८५४ साली सुईणींना शिकविण्याची शाळा सरकारने मंजूर केली. १८७१ साली मद्रासच्या मोठ्या सरकारी इस्पितळात परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. पुढे लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी १८८५ साली उभा राहिला आणि १९०३ पासून व्हिक्टोरिया स्मारक निधीतून गावोगावच्या दायांना शिकविण्याचा यत्न झाला. मिशनच्या इस्पितळांनी तर सरकारची वाट न पाहता विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दक्षिणेपुरते आपले परीक्षामंडळ बनविले. वेल्लोरास आयडा स्कडर यांची परिचारिकांची शाळा १९०९ ची. आपल्याकडे त्याच वर्षी पुण्यास रमाबाई रानड्यांचे सेवासदन निघाले आणि त्याने ससून इस्पितळात बायकांना हे शिक्षण देवविले. ब्राह्मण विधवेने परक्याचे अंग पुसावे, हे पुण्यास पचविणे सोपे नव्हते.

शिक्षण आले, दाखले आले. पण दाखला आणि परवाना या दोन वस्तू निराळ्या आहेत. दाखला म्हणजे शिकविणाऱ्याने दिलेली ग्वाही. परवान्यात त्याहून अधिक काही असते. एक सार्वजनिक नोंदपट असतो. त्यात नाव चढविण्याच्या अटी कायद्याने ठरलेल्या असतात. गैरवर्तन सिद्ध झाल्यास नाव खोडता येते. आणि ज्याचे नाव त्यात नाही त्याने ती पदवी मिरविली तर तो गुन्हा ठरतो. सरकारी कचेरीत ज्यांचा जन्म गेला त्या आमच्या वाचकांना हा भेद अधिक समजाविण्याचे कारण नाही.

या नोंदपटावरून इंग्लंडात तीस वर्षे वाद चालला होता. बार्थोलोम्यू इस्पितळाच्या माजी मेट्रन एथेल बेडफर्ड फेनविक यांनी १८८७ पासून नोंदणीच्या कायद्यासाठी झुंज घेतली, आणि त्यांच्या विरुद्ध पक्षाला होत्या साक्षात् फ्लॉरेन्स नाइटिंगेल! बाईंचे म्हणणे असे की, परिचारिकेचे खरे गुण परीक्षेत उतरत नाहीत; एकदा नाव नोंदले की समाज निर्धास्त होतो, पण दहा वर्षांनी ती बाई कशी वागते हे नोंदपट सांगू शकत नाही. आम्ही या आक्षेपाला हसून टाकणार नाही. परंतु त्याचे उत्तर फेनविकबाईंच्या बाजूने होते. चांगली कोण हे सांगता न आले, तरी अशिक्षित कोण हे रोग्याला कळले पाहिजे, आणि दोषी ठरलेलीला पुन्हा दुसऱ्या गावी जाऊन तेच नाव लावता येऊ नये. न्यूझीलंडने १९०१ साली कायदा करून आघाडी मारली. इंग्लंडचा कायदा महायुद्धानंतर १९१९ साली झाला आणि त्या नोंदपटावर पहिले नाव फेनविकबाईंचेच लागले.

त्यानंतर सात वर्षांनी, १९२६ साली, मद्रास इलाख्याने परिचारिका व सुईणींचा कायदा केला आणि त्यान्वये परिषद स्थापिली. हिंदुस्थानातील अशी ही पहिली परिषद. मुंबईचा कायदा १९३५ चा, म्हणजे नऊ वर्षे मागाहून आला. मुंबई सर्वांत पुढे, असे मानावयाची आपणां मराठी माणसांस सवय आहे. येथे कुंभकोणम्‌ची नर्स पुण्याच्या नर्सच्या आधी कायद्याच्या आश्रयाला आली.

मद्रासच्या कायद्याचे एक वैशिष्ट्य आम्हांस विशेष वाटते. त्याचे पूर्ण शीर्षक आज वाचले, तर परिचारिका, सुईणी, आरोग्य-भेटी देणाऱ्या बाया, सहायक परिचारिका-सुईणी या नावांच्या रांगेत शेवटी ‘दाई’ हा शब्द आढळतो. इस्पितळात शिकलेली सुईण आणि घरोघर जाणारी दाई यांतील अंतर कायद्याला ठाऊक होते, आणि तरीही दाईला त्याने उंबऱ्याबाहेर ठेविले नाही. तिला शिकवून, नाव नोंदवून आत घ्यावे, असा त्याचा रोख. पुढे १९३९ च्या मद्रास सार्वजनिक आरोग्य कायद्याने माता व बालक यांच्या कल्याणाची व्यवस्था स्थानिक संस्थांवर बंधनकारक केली. १८६६ साली स्थापन झालेल्या कुंभकोणम्‌सारख्या नगरपालिकेच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ होता: प्रसूतीची सोय हा आता दानधर्म उरला नव्हता, ती तिच्या कर्तव्यांतील एक बाब झाली होती. सरफोजीराजांनी जे छत्रावर सोपविले, ते आता नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात आले.

मरुत्तुवच्चीचे काय झाले? ती कायद्याने नाहीशी झाली नाही. ती ओसरत गेली ती इस्पितळांपुढे, आणि सुनेने सासूचा धंदा नाकारला त्यामुळे. यात गमावले काहीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण धनुर्वाताने आणि बाळंतज्वराने गेलेल्या जिवांची संख्या ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिच्यासाठी हळहळण्यास फारसे धैर्य होणार नाही.

आता संख्येचाच प्रश्न. भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला, तेव्हा सबंध हिंदुस्थानात नर्सा सुमारे सात हजार होत्या. म्हणजे त्रेचाळीस हजार माणसांमागे एक! शिवाय प्रत्येक प्रांताचा नोंदपट वेगळा, परीक्षा वेगळी. मद्रासेत नोंदलेली बाई नवऱ्याच्या बदलीबरोबर दुसऱ्या प्रांतात गेली की तेथे तिचा दाखला मानला जाईलच अशी खात्री नसे. बदलीचा जाच काय असतो ते आमच्या वाचकांच्या बायकांना विचारावे. हा घोळ मोडण्यासाठी १९४७ च्या डिसेंबरात भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि १९४९ साली परिषद बसली. तिने मान्य केलेली पदविका कोणत्याही राज्याच्या नोंदपटास चालावी, परीक्षा व शाळा निरीक्षकांकरवी तपासाव्या, आणि दर्जा घसरल्यास मान्यता काढून घ्यावी, अशी त्याची रचना होती. महाराष्ट्रानेही १९६६ च्या आपल्या कायद्याने निरनिराळ्या विभागांतील कायदे एकत्र आणिले.

मान्यता आणि निरीक्षण हे शब्द कुंभकोणम्‌मध्ये लिहिताना हात थांबतो. १६ जुलै १९०४ नव्हे, अगदी आपल्या काळात, १६ जुलै २००४ रोजी, या गावातील एका शाळेत मध्यान्हीच्या स्वयंपाकाची आग गवती छपराला लागली आणि ९४ बालके दगावली. शाळेजवळ मान्यतेचे कागद होते. २०१४ साली न्यायालयाने दहा जणांस दोषी ठरविले. त्यांत शाळेच्या चालकांबरोबर शिक्षण खात्यातील माणसेही होती. नाइटिंगेलबाईंचा आक्षेप येथे निराळ्या रूपाने उभा राहतो: कागदावर सही झाल्यावर त्या इमारतीत पुन्हा कोण गेले होते? इस्पितळ असो, परिचर्येची शाळा असो, निरीक्षकाचे पाय तेथे लागले नाहीत तर नोंदपटातील पान कोरेच समजावे.

परिचर्येचा कायदा आता पुन्हा बदलत आहे. १९४७ च्या परिषदेच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग आणण्याचा कायदा संसदेने २०२३ साली केला. त्यात राज्यांचे आयोग आहेत, आणि राज्यांच्या नोंदपटांबरोबर एक राष्ट्रीय नोंदपटही आहे. तमिळनाडूची परिषद मात्र १९२६ च्या त्याच कायद्याची लेक. राज्याचे नाव पालटले तसे तिचेही पालटले, पण कुंभकोणम्‌ची मुलगी परिचर्येची परीक्षा उतरली की आपले कागद घेऊन नाव नोंदविण्यास आजवर तिच्याकडेच जात आली आहे.