सुरतेच्या मांडवातले दोन हात

२७ डिसेंबर १९०७ची दुपार. सुरतेच्या फ्रेंच गार्डनमध्ये काँग्रेसच्या मांडवात तुम्ही दाटीवाटीने बसला आहात. पुण्याहून आलात. अधिवेशन नागपूरला व्हायचे होते, ते इथे हलवले. तेव्हापासून तुमच्या मंडळींत एकच बोलणे : कलकत्त्याला गेल्या वर्षी झालेले स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षणाचे ठराव ‘ते’ पातळ करणार. ‘ते’ म्हणजे नेमस्त. त्यांच्या बिऱ्हाडी ‘ते’ म्हणजे तुम्ही, जहाल.

काल सुरेंद्रनाथ बॅनर्जी बोलायला उठले आणि आरडाओरड्यात सभा मोडली. वंगभंगाविरुद्ध बंगाल पेटवणारा हा माणूस. तरी ओरडणाऱ्यांत तुम्ही होतात; घसा अजून बसलेला आहे.

आज रासबिहारी घोष अध्यक्षपदावरून बोलू लागतात. टिळकांनी स्वागताध्यक्ष मालवींना चिठ्ठी पाठवली होती, उत्तर आलेले नाही. टिळक मंचावर चढतात आणि हाताची घडी घालून उभे राहतात. ‘खाली उतरा!’ काही तरुण त्यांच्या अंगावर धावतात. तेवढ्यात एक जण पुढे होतो, दोन्ही हात पसरून टिळकांना आडोसा करतो. गोखले! नेमस्तांचे गोखले.

इतक्यात एक जोडा भिरभिरत येतो. लाल चामड्याचा, टोकदार, तळाला शिसे ठोकलेला. सुरेंद्रनाथांच्या गालावर आपटून तो फिरोजशहा मेहतांना लागतो. जोडा दक्खनी, तुमच्या पायात आहे तसाच. कोणी फेकला, दिसले नाही. पण ‘आपल्यापैकी कोणीतरी’ एवढे कळताच तुम्हाला क्षणभर बरे वाटते. ते बरे वाटणे नीट पाहून ठेवा. देशासाठी आलेला माणूस त्या क्षणी फक्त आपल्या गटाचा उरतो.

मग खुर्च्या, काठ्या, आणि शेवटी मांडव रिकामा करायला पोलीस. ज्यांचे राज्य घालवायचे, त्यांचेच.

सात महिन्यांच्या आत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. काँग्रेस पुन्हा एक व्हायला १९१६चे लखनौ उजाडले. ते पाहायला गोखले नव्हते. १९१५च्या फेब्रुवारीत ते गेले. त्यांच्या चितेपाशी टिळकांनी त्यांना भारताचा हिरा म्हटले.

त्या मांडवात देशाचा वैरी कोणीही नव्हता. आज कोणाला तसे म्हणायला तोंड उघडाल, तेव्हा ते पसरलेले दोन हात आठवा.