रस्त्यावरून दिसणारा मुलूख

नसरापूरहून वेल्ह्याला जाणारा, पानशेतच्या बाजूने पाबे घाट चढून वेल्ह्यात उतरणारा आणि भोरहून वरंध घाटाकडे निघणारा, या तीन रस्त्यांपुरते हे विवेचन आहे. पाबे खिंडीत उभे राहिले की 1,403 मीटर उंचीचा तोरणा आणि शेजारचा राजगड एकाच नजरेत येतात. भोर-महाड रस्त्यावर निगुडघर ते हिरडोशी या टप्प्यात नीरा देवघरचे पाणी बराच वेळ सोबत करते. ही दृश्ये सर्वांची आहेत, मात्र ती ज्या खाचरांवर, सोंडांवर आणि उतारांवर उभी आहेत त्यातली बरीचशी जमीन कोणाच्या ना कोणाच्या सातबाऱ्यावर आहे. सार्वजनिक दृश्य आणि खासगी मालकी यांची सांगड कशी घालायची, हा खरा प्रश्न आहे.

त्यासाठी नगररचनेत एक साधन आहे. त्याला ओव्हरले झोन, म्हणजे आच्छादन क्षेत्र म्हणतात. झोन दाखल्यावर शेती, वनीकरण किंवा रहिवास असा मूळ झोन लिहिलेला असतो, तो तसाच राहतो. नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवावा तसा त्यावर आणखी एक पदर येतो आणि त्या पदरातल्या गटांना काही जादा अटी लागू होतात. घर बांधता येते, पण ते कुठे, किती उंच आणि कसे बांधायचे हे त्या अटी ठरवतात.

आपल्या कायद्यात याला जागा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 14 मध्ये प्रादेशिक योजनेत काय काय असावे ते सांगितले आहे, आणि त्यात निसर्गसौंदर्याच्या प्रदेशांचे जतन स्पष्ट शब्दांत येते. शेजारच्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी 2001 मध्ये, आणि रायगड जिल्ह्यात माथेरान फेब्रुवारी 2003 मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाले. ती अधिसूचना पर्यावरण कायद्याखालची असली तरी रचना आच्छादनाचीच आहे. जमीन मालकाची, जादा अटी सरकारच्या.

हे साधन उलट्या दिशेनेही चालते, आणि वेल्ह्याने ते पाहिले आहे. 1996 च्या गिरिस्थान धोरणाने मूळ झोनवर जी विशेष नियमावली ठेवली, तिने बांधकामाच्या अटी घट्ट करण्याऐवजी सैल केल्या. मोसे खोऱ्यात, मुळशी आणि वेल्हे तालुक्यांच्या गावांत, वरसगाव जलाशयाच्या काठावर लवासा उभे राहिले ते याच धोरणाखाली. म्हणून ‘विशेष क्षेत्र’ हे शब्द दिसले की हुरळून जाऊ नये, आतली कलमे वाचावीत.

आता सध्याच्या नियमांनी दृश्य का टिकत नाही ते पाहू. नियम मुख्यतः दोन. पहिला, 1:5 पेक्षा तीव्र डोंगरउतारावर बांधकामाला बंदी. दुसरा, रस्त्याकडेची इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार मोकळ्या सपाट भागात राष्ट्रीय आणि राज्य महामार्गाच्या मध्यापासून त्या अनुक्रमे 40 आणि 75 मीटरवर असतात. हे आकडे वाहतुकीची सुरक्षा आणि पुढचे रुंदीकरण डोळ्यांसमोर ठेवून ठरले. दृश्याचा हिशेब त्यात नाही.

तो हिशेब करून पाहू. 1:6 उताराची जमीन घ्या, म्हणजे बंदीच्या जरा अलीकडची. दरीच्या बाजूला 40 मीटरवर जमीन रस्त्यापेक्षा सुमारे पावणेसात मीटर खाली असते. तिथे सात मीटर उंचीचे दुमजली घर बांधले तर छप्पर जेमतेम रस्त्याच्या पातळीला येते आणि गाडीतल्या माणसाला पलीकडचा डोंगर पूर्ण दिसतो. तेच घर रस्त्यापासून 12 मीटरवर आले तर छप्पर पाच मीटर वर निघते आणि तोरणा झाकला जातो. डोंगराच्या बाजूला मात्र 40 मीटरवरचे घर रस्त्यापेक्षा जवळपास 14 मीटर उंच दिसते आणि मागची क्षितिजरेषा तोडते. अंतर तेच, घर तेच, परिणाम अगदी वेगळा. घाटरस्त्याला मीटरांची सरसकट पट्टी लावणे चुकीचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

शिवाय सर्वांत मोठे नुकसान घर करतच नाही. ते करते कंपाउंडची भिंत. फार्महाऊसच्या प्लॉटिंगला आधी रस्त्याला लागून सहा फुटी सिमेंटची भिंत, मग कमान, मग कमानीवर प्रकल्पाचा फलक येतो. मागचा प्लॉट वर्षानुवर्षे रिकामा असला तरी रस्त्यावरून फक्त भिंत दिसते.

तेव्हा आच्छादनाची हद्द नजरेने आखावी. रस्त्यावरच्या ठरावीक थांब्यांवरून काय दिसते ते उंचीच्या नकाशांवरून आज सहज काढता येते. दरीच्या बाजूला छप्पर रस्त्याच्या पातळीच्या वर नको. डोंगराच्या बाजूला घर सोंडेच्या माथ्यावर नको. रस्त्याकडेला तारेचे कुंपण किंवा कमरेइतका दगडी गडगा चालेल, सिमेंटची भिंत नाही. जाहिरातफलक गावठाणाबाहेर कुठेच नकोत. कॅलिफोर्नियात 1963 पासून निसर्गरम्य महामार्गांची योजना आहे, आणि तिथे रस्त्याला तो दर्जा मिळण्याआधी स्थानिक शासनाला जमीनवापर, फलक, माती-खोदाई आणि बांधकामाचे रूप यांचे नियम करावे लागतात. आपल्याकडे पर्यटनस्थळाचा फलक आधी लागतो आणि नियम मागाहून येतात, किंवा येतच नाहीत.

या अटी सार्वजनिक बांधकाम विभागालाही लागू हव्यात. जुने वड तोडणारे आणि उभे कडे छाटणारे रुंदीकरण खासगी बंगल्यांहून जास्त दृश्य बिघडवते. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत वरंध घाटाची जी दुर्दशा झाली, ती आठवली तर उताराला हात लावताना किती जपायला हवे हे वेगळे सांगावे लागू नये.

सर्वांत गंभीर आक्षेप शेतकऱ्याचा आहे आणि तो रास्त आहे. गुंजण मावळात किंवा हिरडस मावळात भाताच्या एका पिकावर घर चालत नाही. पोराच्या शिक्षणासाठी, दवाखान्यासाठी रस्त्याकडेचे चार गुंठे विकावे लागतात. शहरात आरक्षणाच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क मिळतो, पण या खोऱ्यांत त्याला गिऱ्हाईक कुठले? म्हणून गावठाण आणि त्याभोवतीची वाढीची जागा आच्छादनातून वगळावी. स्थानिक खातेदाराच्या स्वतःच्या घराला, गोठ्याला, चहा-वडापावच्या टपरीला मोकळीक असावी. खाचरे कसत ठेवणाऱ्याला दरवर्षी रोख मोबदला द्यावा, कारण आपण ज्याला दृश्य म्हणतो ते त्याच्या बांधबंदिस्तीने टिकलेले आहे. हा खर्च पर्यटनाच्या निधीतून व्हावा. मोबदल्याशिवाय आच्छादन आणले तर ते कागदावर राहील, आणि राहणेच योग्य ठरेल.

वेळही महत्त्वाची आहे. जुलै 2025 मध्ये राजगड ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या बारा किल्ल्यांच्या मालिकेत जागतिक वारसा ठरला. वेल्हे तालुक्यालाही आता राजगडाचेच नाव मिळाले आहे. पण राजगड राज्य पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणातला किल्ला. केंद्रीय कायद्यातली 100 मीटर प्रतिबंधित आणि पुढची 200 मीटर नियंत्रित पट्टी त्याला आपोआप लागत नाही. आणि लागली असती तरी मार्गासनीपासून दिसणारा अख्खा डोंगर तीनशे मीटरांत मावत नाही. वारशाचा दर्जा मिळाला की वर्दळ वाढते, आणि वर्दळीमागून प्लॉटिंग येते.

वेल्हे आणि भोर या दोन्ही तालुक्यांचा काही भाग पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) हद्दीत आहे, बाकीच्याला पुणे प्रादेशिक योजना लागू आहे, आणि त्या योजनेत कलम 20 खाली फेरबदल करता येतो. योजना किंवा फेरबदल प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी मुदत मिळते. खोऱ्यांतल्या ग्रामपंचायतींनी त्याची वाट न पाहता आपल्या शिवारातून जाणाऱ्या रस्त्यावरची दोन-तीन ठिकाणे आणि तिथून दिसणारे गट नंबर आत्ताच ग्रामसभेच्या ठरावात नोंदवून ठेवावेत.