शांघायमध्ये राहायला जाताय? पहिल्या महिन्यात काय करायचं आणि कोणत्या क्रमाने?

शांघायच्या पुडोंग विमानतळावर उतरून वायफाय सुरू केलं की बहुतेक भारतीयांच्या लक्षात येणारी पहिली गोष्ट म्हणजे, घरी 'पोहोचलो' असा मेसेज जात नाही. वॉट्सअ‍ॅप चालत नाही. गुगल उघडत नाही. जीमेल नाही, यूट्यूब नाही, इन्स्टाग्राम नाही. टॅक्सीचे पैसे द्यायला जावं, तर यूपीआयचा उपयोग नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भारत आणि चीनमधली थेट विमानसेवा पाच वर्षांहून जास्त काळानंतर पुन्हा सुरू झाली. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी चीनला जाणाऱ्यांचा प्रवास त्यामुळे सोपा झाला. पण तिथे पोहोचल्यानंतरचं काय?

शांघाय हे सुमारे अडीच कोटी लोकांचं शहर आहे. मेट्रो वेळेवर येते, रस्ते स्वच्छ आहेत, रात्री-अपरात्री फिरतानाही फारशी भीती वाटत नाही. नव्या माणसाची खरी अडचण होते ती कामांच्या क्रमामुळे. पोलीस नोंदणी, सिमकार्ड, बँक खातं, मोबाइल पेमेंट आणि निवास परवाना ही सगळी कामं एकमेकांत गुंतलेली असतात. एक चुकलं की पुढची चार अडतात. म्हणूनच हा क्रम नीट समजून घेऊया.

निघण्याआधी भारतातच काय करायचं?

सगळ्यात आधी घरच्यांशी कसं बोलायचं ते ठरवा. चीनमध्ये वॉट्सअ‍ॅप बंद आहे आणि तिथलं सर्वात मोठं चॅट अ‍ॅप असलेल्या वीचॅटवर भारताने २९ जून २०२० ला बंदी घातली. टिकटॉकसह ज्या ५९ अ‍ॅपवर तेव्हा बंदी आली, त्यात वीचॅटही होतं. म्हणजे आई-बाबांकडे वीचॅट नाही आणि तुमच्याकडे वॉट्सअ‍ॅप नाही.

यावर पहिल्या काही दिवसांचा सोपा उपाय म्हणजे भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग. रोमिंगचा डेटा तुमच्या भारतीय कंपनीमार्फत जातो, त्यामुळे त्यावर वॉट्सअ‍ॅप आणि गुगल चालतं. दोन्हीकडे आयफोन असेल तर फेसटाइम चीनच्या नेटवरही चालतं. व्हीपीएनबद्दल बरंच ऐकायला मिळेल. पण चीनमध्ये सरकारमान्य व्हीपीएन वापरण्याचीच परवानगी आहे आणि बाकीचे कधीही बंद पडू शकतात. त्यामुळे तुमचा सगळा कारभार त्यावर अवलंबून ठेवू नका.

भारतीय सिम बंद करण्याची चूक तर अजिबात नको. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येणार आहेत. महत्त्वाचे ईमेल जीमेलवर येत असतील, तर आउटलुकसारखा दुसरा पत्ता तयार ठेवा.

अँड्रॉइड फोन असेल तर आणखी एक गोष्ट. चीनमध्ये गुगल प्ले स्टोअर उघडत नाही. पेमेंट, नकाशा आणि भाषांतराची जी अ‍ॅप मिळतील, ती निघण्याआधीच फोनमध्ये घ्या. राहण्याचा पत्ता चिनी लिपीत फोनमध्ये आणि कागदावरही ठेवा. इंग्रजीतला पत्ता टॅक्सीवाल्याला कळेलच असं नाही.

बॅगेत दोन गोष्टी हव्यात. पहिली, प्लगचा अडॅप्टर. वीज जवळपास आपल्याइतक्याच व्होल्टची आहे, पण आपली गोल तीन पिनांची प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. दुसरी, योग्य पॉवर बँक. २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत 'थ्री सी' हे चिनी सुरक्षा चिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. शांघायहून पुढे दुसऱ्या शहरात विमानाने जाणार असाल, तर भारतातून नेलेली पॉवर बँक तपासणीत काढून घेतली जाऊ शकते.

पहिल्या २४ तासांत पोलीस नोंदणी

हॉटेलमध्ये उतरलात तर ही नोंदणी हॉटेलच करतं. पण भाड्याच्या घरात, मित्राकडे किंवा नातेवाईकाकडे राहणार असाल, तर पोहोचल्यापासून २४ तासांच्या आत स्थानिक पोलिसांकडे नोंद करणं कायद्याने बंधनकारक आहे. नोंद केली नाही तर ताकीद मिळू शकते आणि २,००० युआनपर्यंत दंडही होऊ शकतो. १ युआन म्हणजे साधारण १२ ते १३ रुपये.

शांघायमध्ये ही नोंद ऑनलाइनही करता येते. पासपोर्ट, व्हिसा आणि घराचा भाडेकरार हाताशी ठेवा. नोंदणीची जी पावती मिळते, ती जपून ठेवा, कारण निवास परवान्यासाठी ती लागते. घर बदललं की नोंदणी पुन्हा करावी लागते.

१६ वर्षांवरील परदेशी व्यक्तीने पासपोर्ट किंवा निवास परवाना सोबत बाळगणंही बंधनकारक आहे. आगगाडीचं तिकीट तर पासपोर्टवरच निघतं.

आधी सिम आणि बँक, मग निवास परवाना

नोकरीच्या झेड व्हिसावर किंवा दीर्घ शिक्षणाच्या एक्स-वन व्हिसावर गेलेल्यांना पोहोचल्यापासून ३० दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. हा व्हिसा साधारणपणे एकदाच प्रवेश देतो. मुदतीच्या रकान्यात ००० लिहिलेलं असतं, ते याच कारणासाठी. परवाना मिळण्याआधी देशाबाहेर पडलात, तर पुन्हा व्हिसा काढायची वेळ येते.

अर्ज केल्यावर पासपोर्ट काही दिवस कार्यालयातच राहतो आणि हातात फक्त पावती असते. सिमकार्ड आणि बँक खात्यासाठी मात्र मूळ पासपोर्ट लागतो. म्हणून ही दोन कामं अर्ज करण्याआधी उरकलेली बरी.

सिमकार्ड चायना मोबाइल, चायना युनिकॉम किंवा चायना टेलिकॉमच्या अधिकृत दुकानातून घ्या. पासपोर्ट दाखवावा लागतो आणि चेहऱ्याचा फोटोही काढला जातो. चिनी नंबर मिळाला की बँक, पार्सल, सायकल, जेवणाची ऑर्डर अशी पुढची बहुतेक दारं उघडतात. बँकेत जाताना पॅन कार्डाचा क्रमांकही जवळ ठेवा. तुम्ही कोणत्या देशात कर भरता याची माहिती बँक विचारते.

इथे मराठी माणसाची एक खास अडचण येते, ती म्हणजे नावाची. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असा प्रकार असतो. पासपोर्टवर पहिली दोन नावं अनेकदा एकाच रकान्यात येतात. चिनी यंत्रणा सिम, बँक आणि पेमेंट अ‍ॅपवरची नावं एकमेकांशी ताडून पाहतात. एका ठिकाणी वडिलांचं नाव आहे आणि दुसरीकडे नाही, असं झालं तर खातं जोडलंच जात नाही. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी पासपोर्टवरचं पूर्ण नाव, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने लिहिलंय का, हे काउंटर सोडण्याआधी तपासा.

पैसे कसे द्यायचे?

शांघायमध्ये भाजीवाल्यापासून मॉलपर्यंत सगळीकडे क्यूआर कोड आहे. अलीपे आणि वीचॅट पे ही दोन मुख्य अ‍ॅप. चिनी बँक खातं उघडेपर्यंत त्यांना व्हिसा किंवा मास्टरकार्डचं परदेशी कार्डही जोडता येतं. अशा कार्डाने २०० युआनपर्यंतच्या खरेदीवर जास्तीचं शुल्क लागत नाही, त्याहून मोठ्या रकमेवर ३ टक्के लागतं. भारतीय बँकेचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं.

भारतीय कार्डांवर परदेशातले व्यवहार अनेकदा बंद ठेवलेले असतात. बँकेच्या अ‍ॅपमधून ते निघण्याआधीच सुरू करून घ्या. वीचॅटचं नवं खातं उघडताना, आधीपासून वीचॅट वापरणाऱ्या कुणीतरी तुमची खात्री द्यावी लागू शकते. त्यासाठी कॉलेजमधल्या किंवा ऑफिसमधल्या कुणाला तरी आधीच सांगून ठेवा.

फोन बंद पडला, तर पाकीट, तिकीट आणि नकाशा एकदमच बंद पडतात. म्हणून थोडी रोख रक्कम जवळ असू द्या. रोख पैसे नाकारता येत नाहीत असा तिथला नियम आहे, पण सुट्टे मिळतीलच असं नाही. दुकानांत आणि हॉटेलांत भाड्याने पॉवर बँक मिळते, ती एका ठिकाणी घेऊन दुसरीकडे परत करता येते.

घर घेताना काय बघायचं?

शांघायमध्ये एक महिन्याचं भाडं अनामत आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ अशी पद्धत सर्रास आहे. म्हणजे पहिल्याच दिवशी चार महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम तयार हवी. सही करण्याआधी घरमालकाला एकच प्रश्न विचारा, 'पोलीस नोंदणीसाठी कागदपत्रं देणार का?' उत्तर टाळाटाळीचं आलं, तर ते घर स्वस्त असलं तरी सोडा. नोंदणीशिवाय निवास परवाना अडतो.

थंडीचाही विचार करा. उत्तर चीनमध्ये इमारतींना हिवाळ्यात सरकारी व्यवस्थेतून ऊब मिळते. शांघाय दक्षिणेत मोडत असल्याने तिथे ही सोय नाही. जानेवारीत पारा शून्याच्या आसपास जातो आणि दमट हवेमुळे घरातही हुडहुडी भरते. जूनच्या मध्यापासून काही आठवडे संततधार असते. मुंबई-कोकणातल्यांना कपाटातल्या कपड्यांना येणारी बुरशी नवी नाही.

मजले मोजण्याची पद्धतही वेगळी आहे. आपला तळमजला म्हणजे त्यांचा पहिला मजला. काही इमारतींत चौथा मजलाच नसतो, कारण चिनी भाषेत 'चार'चा उच्चार 'मृत्यू'च्या उच्चाराच्या जवळ जातो.

रस्ता आणि मेट्रो

मेट्रोचं भाडं ३ युआनपासून सुरू होतं आणि पहिल्या ६ किलोमीटरनंतर प्रत्येक १० किलोमीटरला १ युआन वाढतं. प्रत्येक स्थानकात बॅग तपासतात, त्यामुळे हाताशी पाच मिनिटं जास्त ठेवा.

रोमिंगवर गुगल मॅप उघडलं तरी त्यावर विसंबू नका. चीनमध्ये नकाशांसाठी वेगळी अक्षांश-रेखांश पद्धत वापरतात, त्यामुळे तुमचं ठिकाण काहीशे मीटर सरकलेलं दिसू शकतं. तिथलं एमॅप किंवा आयफोनवरचं अ‍ॅपल मॅप जास्त बरोबर असतं.

रस्ता ओलांडताना मात्र जास्त सावध राहा. चीनमध्ये गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे आधी उजवीकडे बघायची आपली सवय तिथे घात करते. आधी डावीकडे बघा. पादचाऱ्यांचा दिवा हिरवा असतानाही उजवीकडे वळणाऱ्या गाड्या येऊ शकतात. इलेक्ट्रिक स्कूटर तर आवाज न करता मागून येतात. भारतीय लायसन्स किंवा आंतरराष्ट्रीय परवान्यावर तिथे गाडी चालवता येत नाही.

ओला-सुका कचरा, पण थोडा वेगळा

शांघायमध्ये १ जुलै २०१९ पासून कचऱ्याचं वर्गीकरण सक्तीचं आहे. त्यात ओला, सुका, पुनर्वापराचा आणि घातक असे चार प्रकार आहेत. नियम मोडल्यास व्यक्तीला ५० ते २०० युआन दंड होऊ शकतो.

आपल्याकडे 'सुका कचरा' म्हटलं की कागद, पुठ्ठा, प्लास्टिक आठवतं. तिथे हे सगळं 'पुनर्वापर'मध्ये जातं. तिथला 'सुका' म्हणजे उरलेलं, कशातच न बसणारं: वापरलेले टिश्यू, डायपर, मोठी हाडं, अगदी नारळाची करवंटीसुद्धा. ओला कचरा पिशवीतून डब्यात रिकामा करायचा आणि ती पिशवी सुक्यात टाकायची. अनेक वसाहतींत कचरा टाकायच्या वेळा ठरलेल्या आहेत. त्या पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

शाकाहारी असाल तर...

'वो छ सू' म्हणजे 'मी शाकाहारी आहे'. पण एवढ्यावर भागत नाही. भाजीत डुकराची चरबी, ऑयस्टर सॉस किंवा थोडा खिमा असू शकतो आणि अनेकांच्या लेखी अंडं शाकाहारीच असतं. काय काय नको, ते चिनी भाषेत लिहून फोनमध्ये ठेवा.

बौद्ध शाकाहारी हॉटेलं हा चांगला पर्याय आहे. १९२२ साली सुरू झालेलं गोंगदेलिन हे त्यातलं नावाजलेलं. पारंपरिक बौद्ध स्वयंपाकात कांदा-लसूणही वर्ज्य असतं. नळाचं पाणी मात्र थेट पिऊ नका, उकळून किंवा विकतचं प्या. स्थानकांत आणि आगगाडीत पिण्याचं गरम पाणी मोफत मिळतं. सार्वजनिक स्वच्छतागृहात कागद असेलच असं नाही, त्यामुळे टिश्यू खिशात हवेतच.

अडचण आली तर कुणाला फोन करायचा?

पोलिसांसाठी ११०, आगीसाठी ११९ आणि रुग्णवाहिकेसाठी १२०. रुग्णवाहिकेचे पैसे द्यावे लागतात. व्हिसा आणि नोंदणीच्या प्रश्नांसाठी १२३६७ हा क्रमांक २४ तास सुरू असतो आणि तिथे इंग्रजीतही बोलता येतं. शांघायमध्ये भारताचा वाणिज्य दूतावासही आहे. पासपोर्ट हरवला, तर आधी पोलिसांत तक्रार द्यायची आणि मग दूतावासात जायचं.

सरकारी रुग्णालयात आधी नोंदणी आणि पैसे, मग डॉक्टर, मग तपासणीसाठी पुन्हा पैसे असा क्रम असतो. मोठ्या रुग्णालयांच्या आंतरराष्ट्रीय विभागात इंग्रजी बोलणारे डॉक्टर मिळतात, पण तिथला खर्चही जास्त असतो. नेहमीची औषधं असतील तर ब्रँडचं नाव नको, औषधातल्या मूळ घटकाचं नाव लिहून न्या. आपले ब्रँड तिथे कुणी ओळखणार नाही.

नानजिंग रोडसारख्या गर्दीच्या भागात कुणी अनोळखी व्यक्ती गोड इंग्रजीत गप्पा मारत 'चहा प्यायला चला' म्हणाली, तर नम्रपणे नकार द्या. चहानंतर हजारोंचं बिल हातात देणारी ही जुनी फसवणूक आहे.

थोडक्यात, क्रम असा लक्षात ठेवा

१. भारतात: रोमिंग, कार्ड, अ‍ॅप आणि चिनी लिपीतला पत्ता.
२. पहिल्या २४ तासांत: पोलीस नोंदणी.
३. पहिल्या आठवड्यात: सिम, बँक खातं आणि पेमेंट अ‍ॅप, सगळीकडे पासपोर्टवरचं नाव.
४. ३० दिवसांच्या आत: निवास परवान्याचा अर्ज.

शांघायचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथे रात्री साडेअकराला सगळं आवरून फोन कराल, तेव्हा घरी नऊच वाजलेले असतील. फोन कोणत्या अ‍ॅपवर करायचा, तेवढं निघण्याआधी घरच्यांना नक्की सांगून ठेवा.