लखुजीरावांच्या वाड्यात पाचवीची रात्र

सिंदखेडराजात रस्त्यालगतच लखुजीराव जाधवांचा वाडा आहे. दरवाजा एवढा उंच, की मान मागे टाकल्याशिवाय माथा दिसत नाही. टाका मान मागे. मग मोबाइल बंद करा, उंबरा ओलांडा आणि सव्वाचारशे वर्षे मागे या.

अहो, बाजूला व्हा! घोड्यांच्या चंदीची पोती पाठीवर घेऊन गडी आत निघालेत. धक्का बसेल. देवडीवरचा पहारेकरी तुमच्या जीन्सकडे रोखून बघतो. "कोन गावचे बाप्पा तुम्ही?" पाहुणे आहोत म्हणा. आज इथे पाहुण्यांना तोटा नाही. लखुजीरावांच्या पत्नी म्हाळसाबाईंना लेक झाली, त्याला आज पाच दिवस झाले. पौषाची थंडी बोटांना झोंबते आहे आणि पागेकडून लीद, ओलं गवत आणि घोड्यांच्या घामाचा उग्र वास येतो आहे.

ऊब हवी असेल तर मुदपाकखान्यात चला. दारातच डोळे चुरचुरतात. चुलीत पऱ्हाट्या तडतडताहेत, धूर आढ्याला टेकला आहे. परातीत भाकरी थापल्याचा थपथप आवाज, हंड्यात रटरटणारं तुरीचं वरण, बाजूला जवसाची चटणी कुटणारी बाई. चहा मागू नका, कुणाला कळणार नाही. बटाटाही इथे कुणी पाहिलेला नाही. गरम भाकरी हातावर घ्या, चटका सोसा आणि खा.

फुकट मात्र नाही! जात्यावर बसा. समोरची बाई खुंट्याला हात लावते, तुम्हीही लावा. कित्येक तळव्यांनी तो खुंटा गुळगुळीत झाला आहे. ज्वारीची मूठ जात्याच्या तोंडात टाका, फिरवा. दहा फेऱ्यांत खांदे भरून येतात. पाळूच्या कडेने पीठ सांडतं, बोट लावून बघा, कोमट आहे. पहारेकरी, मोतद्दार, कारकून, पाहुणे, सगळ्यांच्या भाकरीचं पीठ याच दगडाखालून निघायचं आहे. उजाडण्याच्या कितीतरी आधी या बाया इथे बसल्यात आणि बारवेवरून पाण्याच्या घागरींची ये-जा तेव्हापासून थांबलेली नाही.

आता बाळंतिणीची खोली. पुरुष मंडळी, तुम्ही बाहेरच थांबा. बायांनो, वाकून आत या. खिडकीवर कांबळं टाकलं आहे. बाजेखाली शेगडी धुमसते आहे, निखाऱ्यांवर ओवा टाकला की घशात खवखवतं. सुईण तिळाच्या तेलाने बाळाचे इवलेसे पाय चोळते आहे. बाळ अंग ताठ करून रडतं आणि ऊब लागताच शांत होतं. तिचं नाव अजून ठेवलेलं नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे, पण इथे बोलू नका.

रात्री पाचवी पुजतात. पाटा-वरवंट्याला हळदकुंकू लागतं, दिवा उजळतो, बाया जागरणाला बसतात. दिव्याचा उजेड चार हातांवर संपतो, त्यापुढे गच्च काळोख. गप्पा, खोकला, पागेतल्या टापा. आज इथे कुणी झोपणार नाही.

चला, परत येऊ. हीच लेक, म्हणजे जिजाऊ, पुढे पुण्याच्या जहागिरीचा कारभार सांभाळते. माणसं राखायची कशी, कोठार पुरवायचं कसं, याचे पहिले धडे तिने अशाच घरात डोळ्यांनी घेतले असणार, असं मला मनापासून वाटतं.

12 जानेवारीला, जिजाऊंच्या जयंतीला, इथे मोठी गर्दी लोटते. त्या दिवशी जरूर या. पण एकदा साध्या दिवशीही या, मुलांना घेऊन या. मोती तलाव आणि पुतळा बारव दाखवा, पाण्याची सोय समजावून सांगा. दरवाजापुढे फोटो काढून परतू नका. आतल्या जोत्यांवर सावकाश फिरा आणि हा वाडा एकदा तरी घर म्हणून बघा.