बोधनिक राखीव क्षमता

बोधनिक राखीव क्षमता : वार्धक्य, रोग किंवा इजा यांमुळे मेंदूची हानी झाली असतानाही स्मरण, अवधान, भाषा, विचार व निर्णय ही कार्ये चालू ठेवण्याची व्यक्तीची क्षमता. कॉग्निटिव्ह रिझर्व्ह या इंग्रजी नावानेही ती ओळखली जाते. मेंदूची सारखीच हानी झालेल्या दोन व्यक्तींपैकी एकीला स्मृतिभ्रंश होतो, तर दुसरी आपले दैनंदिन व्यवहार नीट सांभाळते. या फरकाची उपपत्ती लावण्यासाठी ही संकल्पना मांडण्यात आली. ही क्षमता केवळ जन्मतः ठरत नाही. शिक्षण, व्यवसाय, भाषाव्यवहार, शारीरिक हालचाल व सामाजिक संबंध यांतून ती आयुष्यभर घडत जाते, असे संशोधक मानतात.

उगम : अल्झायमर रोगात मेंदूच्या पेशींबाहेर अ‍ॅमिलॉइड प्रथिनाचे साठे आणि पेशींच्या आत टाउ प्रथिनाचे गुंते तयार होतात. गॅरी ब्लेस्ड, बर्नार्ड टॉमलिन्सन व मार्टिन रॉथ यांनी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे केलेल्या अभ्यासात (१९६८) अशा साठ्यांची संख्या आणि रुग्णाच्या हयातीत आढळलेला मानसिक ऱ्हास यांचा संबंध दाखवून दिला. तथापि हा संबंध काटेकोर नव्हता. रॉबर्ट काट्झमन व सहकाऱ्यांनी शुश्रूषागृहातील १३७ वृद्धांच्या मेंदूंची मरणोत्तर तपासणी केली (१९८८). त्यांतील दहा जणांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा स्पष्ट होत्या, पण हयातीत त्यांची बौद्धिक कामगिरी निरोगी वृद्धांच्या तोडीची होती. त्यांच्या मेंदूचे वजन जास्त होते व मोठ्या चेतापेशींची संख्याही अधिक होती.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील याकोव्ह स्टर्न यांनी या निरीक्षणाला सैद्धांतिक बैठक दिली. आजाराची तीव्रता सारखी असलेल्या रुग्णांपैकी अधिक शिकलेल्यांच्या मेंदूत रक्तप्रवाह अधिक घटलेला असतो, म्हणजे प्रत्यक्ष हानी जास्त झालेली असते, असे त्यांच्या गटाने १९९२ मध्ये दाखवले. उत्तर मॅनहॅटनमधील ६० वर्षांवरील ५९३ निरोगी व्यक्तींच्या पाहणीत (१९९४) कमी शिक्षण असलेल्यांत आणि खालच्या स्तरावरील व्यवसाय केलेल्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे दुप्पट आढळला.

जोगिणींचा अभ्यास : या विषयातील सर्वांत प्रसिद्ध पाहणी डेव्हिड स्नोडन यांनी अमेरिकेत १९८६ मध्ये सुरू केली. कॅथलिक पंथाच्या ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ या संघातील ७५ ते १०२ वर्षे वयाच्या ६७८ जोगिणी तीत सहभागी झाल्या. दरवर्षी बौद्धिक चाचण्या देण्यास आणि मृत्यूनंतर मेंदू संशोधनासाठी देण्यास त्यांनी संमती दिली होती. आहार, निवास, उत्पन्न व वैद्यकीय सेवा यांबाबत या सर्वजणींचे जीवन जवळजवळ सारखे असल्याने इतर पाहण्यांत गोंधळ निर्माण करणारे अनेक घटक येथे आपोआप वगळले गेले. त्यांपैकी ९३ जणींनी संघात प्रवेश करताना, सुमारे बाविसाव्या वर्षी, लिहिलेली आत्मवृत्ते दप्तरात उपलब्ध होती. ज्यांच्या तरुणपणीच्या लेखनात वाक्यागणिक आशय विरळ होता, त्यांची म्हातारपणची बौद्धिक कामगिरी कमी भरली (१९९६). सिस्टर मेरी या १०१ वर्षे जगलेल्या जोगिणीच्या मेंदूत रोगाच्या खुणा विपुल होत्या. तरीही अखेरपर्यंत तिचे चाचण्यांतील गुण चांगले होते. मेंदूत अल्झायमरच्या खुणा असताना रक्तपुरवठा खंडित झाल्याने लहानसहान भाग मृत झाले असतील, तर स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता फार वाढते, असेही या अभ्यासातून दिसले. हृदय व रक्तवाहिन्या यांचे आरोग्य आणि बौद्धिक कार्यक्षमता यांचा संबंध त्यामुळे पुढे आला.

स्वरूप व कार्यपद्धती : संशोधक तीन संकल्पनांत भेद करतात. मेंदूचा आकार, चेतापेशी व त्यांच्या जोडण्यांची संख्या हे रचनात्मक भांडवल म्हणजे मेंदूची राखीव क्षमता. उपलब्ध रचनेचा उपयोग करून घेण्याचे कौशल्य म्हणजे बोधनिक राखीव क्षमता. वाढत्या वयातही मुळात हानीच कमी होणे, याला मेंदूचे जतन म्हणतात. प्रत्यक्षात या तिन्ही बाबी एकमेकींत मिसळलेल्या असतात.

बोधनिक राखीव क्षमता दोन प्रकारे काम करते, असे मानले जाते. एक म्हणजे ठरावीक काम करताना कमी चेताजालांवर भागवणे किंवा काम अवघड झाल्यावर त्यांची क्रिया पुरेशी वाढवणे. दुसरा प्रकार भरपाईचा होय. नेहमीचे चेताजाल निकामी झाल्यावर एरवी त्या कामात भाग न घेणारी जाले वापरात येतात.

अनुभवाने मेंदूची रचनाही बदलू शकते. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी शहरातील हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागाचा मागील हिस्सा त्यांच्यात मोठा असल्याचे एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० मध्ये दाखवले. परवान्याच्या तयारीआधीच्या व नंतरच्या प्रतिमांची तुलना करणाऱ्या पुढील अभ्यासात (२०११) ही वाढ परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांतच आढळली.

बहुभाषिकता : एलेन बिॲलिस्टॉक व सहकाऱ्यांनी टोरांटोतील १८४ रुग्णांच्या नोंदी तपासल्या (२००७). द्विभाषिकांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे सुमारे चार वर्षे उशिरा सुरू झाली होती. मात्र कॅनडातील द्विभाषिकांत स्थलांतरितांचे प्रमाण मोठे असल्याने फरक भाषेमुळे की स्थलांतरामुळे, हे सांगणे कठीण होते. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये सुवर्णा अल्लादी व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासामुळे (२०१३) ही अडचण बरीचशी दूर झाली. तेलुगू, उर्दू, हिंदी व इंग्रजी यांपैकी एकाहून अधिक भाषा बोलणारे स्थानिक लोक तेथे सर्व थरांत आढळतात. ६४८ रुग्णांच्या या पाहणीत द्विभाषिकांत लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसली. निरक्षर रुग्णांतही हा फरक टिकून होता, म्हणून त्याचे श्रेय केवळ शालेय शिक्षणाला देता येत नाही. याउलट, उत्तर मॅनहॅटनमधील स्पॅनिशभाषक स्थलांतरितांचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या अभ्यासात (२०१४) द्विभाषिकांना स्मृतिभ्रंश कमी झाल्याचे आढळले नाही. हा प्रश्न अद्याप वादाचा आहे.

आरोग्यपूर्ण वर्तनाचे प्रयोग : निरीक्षणातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. म्हणून यादृच्छिक चाचण्या घेण्यात आल्या. अमेरिकेतील ‘अ‍ॅक्टिव्ह’ चाचणीत (२००२) ६५ वर्षांवरील २,८३२ व्यक्ती होत्या; त्यांतील तीन गटांना स्मरण, तर्क किंवा प्रतिसादाचा वेग यांपैकी एकेकाचे प्रशिक्षण दिले गेले, चौथ्याला नाही. ज्याचा सराव केला त्या कौशल्यात सुधारणा झाली. तर्क व वेग यांतील लाभ दहा वर्षांनंतरही काही अंशी टिकला. पण एका कौशल्याचा सराव केल्याने दुसरे सुधारले नाही. बाजारात मिळणाऱ्या मेंदूच्या खेळांविषयीचे दावे या मर्यादेच्या प्रकाशात तपासावे लागतात.

एका घटकापेक्षा अनेक घटकांवर एकत्रित काम करणाऱ्या चाचण्यांचे निष्कर्ष अधिक आशादायक आहेत. मिया किव्हिपेल्टो यांच्या नेतृत्वाखालील फिनलंडमधील ‘फिंगर’ चाचणीत (२०१५) धोका अधिक असलेल्या, ६० ते ७७ वर्षे वयाच्या १,२६० व्यक्ती होत्या. एका गटाला दोन वर्षे आहार, व्यायाम, बौद्धिक प्रशिक्षण आणि रक्तदाब, वजन, मेद इत्यादींवर देखरेख असा कार्यक्रम देण्यात आला. दुसऱ्याला नेहमीचा आरोग्यसल्ला मिळाला. दोन्ही गटांची चाचण्यांतील कामगिरी सुधारली, पण पहिल्या गटातील एकूण सुधारणा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक होती. अमेरिकेतील ‘पॉइंटर’ चाचणीत (२०२५) २,१११ व्यक्तींनी भाग घेतला. स्वतःच्या सोयीने कार्यक्रम पाळणाऱ्यांपेक्षा ठरलेल्या बैठका व पाठपुरावा असलेल्या गटाचा लाभ काहीसा जास्त होता. नियमित सोबत व देखरेख यांमुळे लाभ वाढू शकतो, असे यावरून म्हणता येते.

एकेका घटकाचे परिणाम मर्यादित असतात. रक्तदाबाची वरची पातळी १२० च्या खाली ठेवल्याने सौम्य बोधनिक दोषाचे प्रमाण घटले, हे २०१९ मध्ये दिसून आले. स्मृतिभ्रंशातील घट मात्र संख्याशास्त्रीय निकषावर टिकली नाही. श्रवणयंत्राच्या चाचणीत (२०२३) एकूण सहभागींना लाभ दिसला नाही. ज्यांना मुळात धोका अधिक होता, त्यांच्यात तीन वर्षांत ऱ्हासाचा वेग जवळजवळ निम्म्याने कमी झाला.

मर्यादा व आक्षेप : ही क्षमता प्रत्यक्ष मोजता येत नाही. शिक्षणाची वर्षे, व्यवसाय, छंद यांवरून तिचा अंदाज बांधला जातो किंवा मेंदूच्या हानीवरून अपेक्षित असलेली कामगिरी आणि प्रत्यक्ष कामगिरी यांतील तफावत काढली जाते. अधिक शिकलेल्यांना चांगले पोषण, उत्पन्न व उपचारही मिळत असल्याने शिक्षणाचा स्वतंत्र वाटा वेगळा काढणे अवघड असते. कारण आणि परिणाम यांची उलटापालटही होऊ शकते. ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल’ पाहणीत स्मृतिभ्रंशाचे निदान होण्यापूर्वी सुमारे नऊ वर्षांपासूनच शारीरिक हालचाल घटू लागल्याचे दिसले. म्हणजे निष्क्रियता काही वेळा रोगाचे कारण नसून त्याचे आरंभीचे लक्षण असते.

राखीव क्षमता रोगाला अटकाव करत नाही. लक्षणे पुढे ढकलते. ती अधिक असलेल्या व्यक्तीत लक्षणे दिसेपर्यंत हानी बरीच पुढे गेलेली असते, म्हणून त्यानंतरचा ऱ्हास अनेकदा अधिक वेगाने होतो. उच्चशिक्षित रुग्ण प्राथमिक चाचणीत सहज उत्तीर्ण होतात व निदान लांबते. निरक्षर व्यक्ती मात्र निरोगी असूनही लेखन-वाचनावर आधारलेल्या चाचणीत अनुत्तीर्ण ठरू शकते. हा दोष टाळण्यासाठी हरियाणातील बल्लभगढ येथील ग्रामीण वृद्धांकरिता १९९० च्या दशकात हिंदी चाचणी तयार करण्यात आली. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी एक वाक्य बोलणे, लेखी सूचना वाचून ती पाळण्याऐवजी परीक्षकाची कृती पाहून तशीच करणे, असे बदल तीत होते.

सार्वजनिक आरोग्यातील स्थान : गिल लिव्हिंग्स्टन यांच्या अध्यक्षतेखालील ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ मध्ये १४ बदलता येण्याजोगे धोके नोंदवले. कमी शिक्षण, श्रवणदोष, दृष्टिदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, धूम्रपान, अतिमद्यपान, डोक्याची इजा, नैराश्य, निष्क्रियता, एकाकीपणा व हवेचे प्रदूषण हे ते होत. हे सर्व धोके दूर झाल्यास जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश सिद्धांततः टळेल किंवा लांबेल, असा आयोगाचा अंदाज आहे. भारतात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार ६० वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात हे प्रमाण जास्त आहे. शिक्षणाची संधी सर्वांत कमी मिळालेले वृद्धही याच गटांत अधिक आहेत. त्यामुळे भारतापुरते पाहता मुलामुलींचे, विशेषतः ग्रामीण मुलींचे, शालेय शिक्षण पूर्ण होणे हा शैक्षणिक धोरणाइतकाच वार्धक्यातील आरोग्याचाही विषय ठरतो.