डफ आधी मुलांच्या हातात

शाळाशाळांतून पोवाडा शिकवतो, म्हणून लोक मला शाहीरमास्तर म्हणतात. पण हा धंदा सोलापुरात माझ्या फार आधीचा. पेशवाईच्या उतरत्या काळात इथलेच राम जोशी लावणीकडून कीर्तनाकडे वळले आणि मोरोपंतांच्या संस्कृतप्रचुर आर्या त्यांनी साध्या श्रोत्यांच्या तोंडी रुळवल्या. पंडिताचं काव्य पारावर आणायचं, तेही पातळ न करता, ही खरी कसोटी.

पुढे बार्शीला १९१६ साली मेहबूब हुसेन पटेल जन्मले. तेच शाहीर अमर शेख. त्यांनी गिरणी पाहिली, संप पाहिला. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथकातून ते गावोगाव गायले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या पहाडी आवाजाने मैदानं भरली. पथकाची मेख सोपी होती: विषय ऐकणाऱ्याच्या चुलीचा, भाडेपट्टीचा, मजुरीचा, चाल ओळखीची.

तेच सूत्र मी वर्गात वापरतो. आमच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारी पोरं पुष्कळ. पहिल्या तासाला डफ त्यांच्या हाती देतो. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, आवाज बसतो. मग शेकोटीशी तापवून, बोटाने टिचकी मारून ताण कसा ओळखायचा ते दाखवतो. नंतर ‘जी जी रं’ची झील. शब्द सगळ्यात शेवटी, आणि तेही त्यांच्याच मागाचे, विडीचे, चादरीचे. मुलांनी स्वतःचं कडवं रचलं नाही, तर मास्तर नुसता गाऊन गेला, शिकवलं काहीच नाही.